कुंडी भंडारा : लिफ्टने उतरून पाहायची पाणीयोजना

इतवाऱ्यातून रिक्षा करून लालबागला गेलं की शेतांमधून एका ओळीत विहिरींसारखे गोल कठडे दिसतात. बहुतेक पाहुणे त्यांना विहिरीच समजतात. या कुंड्या. शंभराहून जास्त आहेत आणि जमिनीखाली एकाच बोगद्याने जोडलेल्या आहेत. आता एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे, तिने साधारण ऐंशी फूट खाली उतरता येतं. खाली गारवा, आणि पायाशी स्वच्छ वाहतं पाणी.

ही योजना 1615 च्या सुमाराची, जहांगीरच्या काळातली. अब्दुर्रहीम खानखानाने ती करवली आणि आखणी तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराची, असं सांगितलं जातं. बुऱ्हाणपूर तेव्हा दख्खनच्या मोहिमांचा तळ होता. फौजफाटा मोठा, तापी शेजारी, पण उन्हाळ्यात नदीवर भरवसा ठेवणं कठीण, आणि वेढा पडला तर शत्रूने नदीचं पाणी नासवायला वेळ लागत नाही. म्हणून जमिनीखालचं पाणी. शहरासाठी अशा आठ योजना होत्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावं.

माझी नोकरी पाइप आणि पंपांत गेली, म्हणून मला खरं कौतुक उताराचं वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी बोगद्यात धरायचं आणि तापीच्या दिशेने नुसत्या उतारावर गावाकडे आणायचं. उतार जास्त दिला तर पाणी तळ खरवडणार, कमी दिला तर गाळ बसणार. कुंड्यांतून खोदलेली माती वर काढली, पुढे हवा, उजेड आणि साफसफाईसाठी त्याच कामी आल्या. शुद्धीकरण वेगळं करावंच लागत नाही, ते वरचे मातीचे थर करतात. इराणात याला कनात म्हणतात. तिथल्या अकरा कनातींना 2016 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. औरंगाबादला मलिक अंबरने आणलेली नहर-ए-अंबरी याच घराण्यातली.

2024 मध्ये आपला भंडाराही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, तोही ‘खूनी भंडारा’ या नावाने. पाणी काही लाल नाही हो! कुंडीचं खूनी झालं, असं इथले जुने लोक सांगतात. पर्यटकाला मात्र खूनीच आवडतं.

लिफ्टमुळे लोक येऊ लागले, हे चांगलंच. माझी काळजी बोगद्याच्या भिंतींवरच्या पांढऱ्या थराची आहे. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. हवा लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना भिंतीला धरतो. आपल्या किटलीत धरतो तसाच, फक्त चारशे वर्षांचा. वाट अरुंद होत जाते. शिवाय पाणी मुरण्याची जागा वर, टेकड्यांकडे आहे. तिथली झाडी गेली आणि आजूबाजूला बोअर खोल गेले, तर खाली कितीही दिवे लावा, पाहायला कोरडा बोगदाच उरेल.

म्हणून मंडळापुढे एक साधं काम ठेवतो. परवानगी घेऊन मुखापाशी व्ही आकाराची खाच असलेली फळी बसवायची, खाचेतल्या पाण्याची उंची मोजायची, त्यावरून प्रवाह निघतो. पावसाआधी, पावसानंतर, दिवाळीला आणि होळीला, वर्षातून चार नोंदी. वही मी घालतो. जवळ राहणारे दोघं-तिघं हवेत.