सर्ज प्रोटेक्टर

सर्ज प्रोटेक्टर हे वीजपुरवठ्यातील क्षणिक दाबवाढीपासून संगणकादी उपकरणांचे रक्षण करणारे साधन आहे. भारतीय बाजारात ते ‘स्पाइक गार्ड’ या नावानेही विकले जाते. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. जवळपास वीज कोसळल्यास तारांमधील दाब काही मायक्रोसेकंदांपुरता हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो.

साधनाचा मुख्य घटक म्हणजे झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर. नेहमीच्या दाबाला त्याचा रोध अतिशय जास्त असतो. दाबाने मर्यादा ओलांडताच तो रोध एकदम घटतो आणि जादा प्रवाह संगणकाऐवजी न्यूट्रल व अर्थ तारांकडे वळतो. त्यामुळे घरातील अर्थिंग सदोष असल्यास, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून जोडल्यास, संरक्षण अपुरे राहते.

प्रत्येक आघातानिशी व्हॅरिस्टर झिजतो. तो निकामी झाल्यावरही सॉकेटमधून वीज मिळत राहू शकते, म्हणून वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. बटणातील दिवा बहुधा फक्त पुरवठा चालू असल्याचे दाखवतो. संरक्षण शाबूत असल्याची ती खूण नव्हे.

साध्या एक्स्टेंशन बोर्डात व्हॅरिस्टर नसतो. रिलेवर चालणाऱ्या स्टॅबिलायझरला प्रतिसाद देण्यास काही मिलिसेकंद लागतात, तोवर लाट निघून गेलेली असते.

थेट वीज कोसळल्यास सर्ज प्रोटेक्टर पुरा पडत नाही. महाराष्ट्रात वळवाच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच संगणकाचा प्लग काढणे अधिक सुरक्षित असते. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. तांब्याच्या तारेने आलेली दूरध्वनी वा इंटरनेटची जोडणीही काढावी लागते.