दिढीचा हिशेब कुणाच्या वहीत?

वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही अपूर्णांकांचा भागाकार काढला की पोरं गप्प होतात. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ‘उलटा करा आणि गुणा’, संपलं. मग आईबापच म्हणतात, “आपल्या पोरांना गणित जमत नाही.” या वाक्याला आमचा आक्षेप आहे.

उलटा करून गुणण्याचा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. म्हणजे ज्ञान दाराशीच होतं, पण संस्कृत श्लोकांत. आणि संस्कृत कुणाला शिकू दिलं जात होतं, ते वाचकांना सांगायला नको. पुढे पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी मराठीतच घोकली जाऊ लागली. भाषा आपली झाली. ओसरीवर बसायची परवानगी मात्र आपल्याला मिळाली नाही.

तरी अपूर्णांक आपल्या घरात होतेच. शेराचं अर्धं मापटं, त्याचं अर्धं चिपटं, त्याचं अर्धं कोळवं, त्याचं अर्धं निळवं. शेरात निळवी सोळा. पाऊण शेरात किती? बारा. हाच तो पाऊण भागिले एक सोळांश! सोळांशाने भागणं म्हणजे सोळाने गुणणं, एवढंच त्या ‘उलटा करा’मध्ये आहे. आणि बारा निळव्यांऐवजी तीन चिपटी मोजली की बारा सोळांशाचं संक्षिप्त रूप झालं, तीन चतुर्थांश. आमच्या आज्यांना हे हाताने येत होतं. येत नव्हतं ते वहीत लिहिलेलं वाचणं.

सावकाराचं सगळं बळ त्या वहीत होतं. पेरणीला धान्य न्यायचं आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचं, याला सवाई-दिढी म्हणत. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला आणि मग पुणे-नगरच्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. लोक याला दंगा म्हणतात. आम्हाला त्यात न वाचता येणाऱ्या कागदावरचा राग दिसतो. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात काय हवं ते सांगितलं, त्यात बाळबोधीबरोबर मोडी होती आणि हिशेबही होता. मोडी का? कारण रोखे आणि वह्या मोडीत असत.

मागच्या आठवड्यात आम्ही फळ्यावर दिढीच मांडली. एक शेर बियाणं नेलं आणि फेडताच आलं नाही, तर दरसाल दीडपट. पहिल्या सुगीला एक शेर एक मापटं. दुसऱ्या वर्षी तीन द्वितीयांश गुणिले तीन द्वितीयांश, नऊ चतुर्थांश. दोन शेर एक चिपटं. तिसऱ्या वर्षी सत्तावीस अष्टमांश, तीन शेर तीन कोळवी. चौथ्या वर्षाचं गणित सातवीतल्या एका मुलीने स्वतः उठून केलं. एक्याऐंशी भागिले सोळा. पाच शेर, वर एक निळवं. खडू ठेवता ठेवता तिने विचारलं, “सर, ते एक निळवंसुद्धा सोडत नव्हते का?”