वीतभर उंचीची कुळकथा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की आधी मुर्धा लागतं, मग राई, मग मोर्वा. मिठागरांचा हा मुलूख. रविवारी याच वाटेने मुंबईकर उत्तनच्या किनाऱ्याला आणि गोराईच्या पॅगोड्याला जातात. त्यांच्या गाड्यांची खरी परीक्षा पाहायची तर गतिरोधकापाशी उभं राहावं. शर्यतीच्या घराण्यातली एखादी बुटकी गाडी आली, की तिचा रुबाब इथे उतरतो. ती तिरकी होते, आधी एक चाक चढवते, मग दुसरं, आणि पोट घासू नये म्हणून जपत जपत पलीकडे जाते. मागची उंच गाडी मात्र खुशाल निघून जाते. दोघींच्या पोटाखालच्या उंचीत फरक वीतभरही नाही. पण तेवढ्या उंचीसाठी मोठमोठ्या घराण्यांना आपली रीत मोडावी लागली. त्यातल्या एका घराण्याची सोयरीक तर मुंबईत ठरली.

ते घराणं जॅग्वारचं. मूळ पाहिलं तर तिथे ना शर्यत ना रुबाब. 1922 मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्मस्ली या दोघांनी मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे मोटारी आल्या, 1935 मध्ये जॅग्वार हे नाव आलं. 1948 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या एक्सके 120 ने या घराण्याची कीर्ती जगभर नेली. नावातला 120 हा आकडा ताशी मैलांचा, म्हणजे सुमारे 193 किलोमीटरचा. लांब नाक आणि जमिनीलगत अंग हीच पुढे जॅग्वारची ओळख झाली.

त्याच 1948 च्या एप्रिलमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात दुसरं एक बाळ आलं होतं, अगदी शेतकरी वळणाचं. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली एक अमेरिकन जीप वापरत. ती पाहून त्यांना लँड रोव्हर सुचली. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर बांधला होता. ही जीप नावाची आजी मुंबईला आधीपासून ठाऊक होती. महिंद्रांनी 1947 मध्ये इथे तिची जोडणी सुरू केली होती.

ही दोन घराणी एकाच वर्षी नावारूपाला आली. 2000 पासून दोघंही फोर्डच्या छपराखाली होती. 2 जून 2008 रोजी टाटा मोटर्सने ती दोन्ही मिळून 230 कोटी डॉलरला घेतली आणि दोघांचा कारभार टाटांच्या मुंबईतल्या बॉम्बे हाउसच्या अखत्यारीत आला. वर्षही कसं, तर जागतिक मंदीचं.

तोवर इतर घराण्यांची रीत मोडून झाली होती. लॅम्बोर्गिनीने 1986 मध्ये आपल्या काउंटाश या स्पोर्ट्स कारचं बारा सिलिंडरचं इंजिन वाळवंटात धावणाऱ्या धिप्पाड एलएम 002 मध्ये बसवलं. तो हौसेचा मामला होता. पोटापाण्याचा मार्ग दाखवला पोर्शने. 2002 मध्ये त्यांनी कायेन आणली, तेव्हा जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. पण याच उंच गाडीने तिजोरी भरली आणि त्यांच्या आवडत्या बुटक्या 911 चं घर शाबूत राहिलं. कमावत्या लेकीच्या जिवावर वाडा टिकावा, तसंच हे.

जॅग्वारने सप्टेंबर 2013 मध्ये फ्रँकफर्टला सी-एक्स 17 नावाचा नमुना मांडला. निमित्त होतं नव्या अ‍ॅल्युमिनियम सांगाड्याची ओळख करून देण्याचं, पण लोकांच्या नजरेत भरली ती त्यावरची उंच गाडी. दोन वर्षांनी तिथेच एफ-पेस नावाची उंच गाडी आली. आदल्या रात्री टेरी ग्रँट या कसरतपटूने तिला 19.08 मीटर उंचीच्या उभ्या लोखंडी वर्तुळातून उलटं फिरवून बाहेर काढलं होतं. त्यात त्याच्या शरीरावर वजनाच्या साडेसहा पट भार आला. उंच गाडी वळणावर कलंडते, या जुन्या समजुतीला दिलेलं ते तमाशेवजा उत्तर होतं.

खरं उत्तर मात्र सांगाड्यात होतं. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर अंग बाहेर झुकतं. म्हणून वजन उतरवायचं: सांगाड्याचा सुमारे 80 टक्के भाग अ‍ॅल्युमिनियमचा. ताकद एरवी मागच्या चाकांना, पाय घसरू लागला तरच पुढच्यांकडे. ही युक्ती एफ-टाइप या स्पोर्ट्स कारकडून आलेली, आणि वरच्या प्रकारातलं 380 अश्वशक्तीचं इंजिनही तिचंच. निसरड्यावर बेताने चालण्याची विद्या लँड रोव्हरच्या घरची. म्हणजे हाडं जॅग्वारची आणि चिखलाची अक्कल सोयऱ्यांची. पुढे 2017 मध्ये याच हाडांवर रेंज रोव्हर वेलार उभी राहिली. सोयरीक दोन्हीकडून फळली.

मापंही बघा. पोटाखाली मोकळी जागा 213 मिलिमीटर, आपली एक वीत. पाण्यातून जाता येईल अशी खोली 525 मिलिमीटर, हातभराहून थोडी जास्त. 2018 मध्ये आलेल्या एसव्हीआर प्रकाराने या वीतभर उंचीवर 550 अश्वशक्ती चढवली. थांबल्या जागेवरून ताशी 100 किलोमीटरचा वेग 4.3 सेकंदांत.

भारतात एफ-पेस 2016 मध्ये तयार होऊन आली, किंमत 68 लाख 40 हजारांपासून पुढे. 2017 मध्ये तिची जोडणी पुण्याच्या कारखान्यात सुरू झाली आणि भाव 60 लाखांच्या आसपास उतरला. त्याच वर्षी तिला जागतिक कार ऑफ द इयरचा मान मिळाला. हा कारखाना ज्या गावात, त्याचं नाव चिखली. चिखलाची अक्कल घेऊन आलेल्या गाडीला याहून साजेसं माहेर मिळालं नसतं.

कुळ राखायचं तर कुळाबाहेर सोयरीक करावी लागते, हे जॅग्वारला मंदीने शिकवलं. पण जुनं रक्त अधूनमधून उसळतंच. डिसेंबर 2024 मध्ये मायामीत या घराण्याने आपला विजेवरचा नवा अवतार दाखवला, टाइप 00. लांब नाक, दोन दारं, जमिनीलगत अंग. राईच्या गतिरोधकापाशी ती आलीच, तर तिलाही तिरकंच व्हावं लागेल.