गाव सुटले म्हणून किहीमकर

किहीममध्ये राहणाऱ्याला कुणी किहीमकर म्हणत नाही. गावात तो अमक्याचा मुलगा असतो, नाहीतर घाण्यावाला, नाहीतर विहिरीपलीकडचा. किहीमकर तो होतो अलिबागच्या बाजारात, रेवसच्या धक्क्यावर किंवा मुंबईत मांडवीच्या गल्लीत, जिथे त्याला ‘तुम्ही कुठले?’ असे कुणी विचारते. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव हा त्या गावात राहत असल्याचा पुरावा जेवढा असतो, त्याहून ते गाव सोडल्याचा अधिक असतो. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या आडनावांकडे या नजरेने पाहिले, तर त्यांच्या इतिहासातल्या काही गुंत्यांची टोके हाती लागतात.

या समाजात गावावरून पडलेली आडनावे शंभराहून अधिक आहेत. नवगावकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर, राजपूरकर, शहापूरकर, तळकर, दिवेकर, अष्टमकर. नकाशा पसरून एकेका नावावर बोट ठेवत गेले की पूर्वीचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, आणि जंजिरा संस्थान यांचा किनारा व खाड्यांकाठचा मुलूख बहुतेक भरून जातो. मात्र ही सगळी आडनावे इतिहासकाराला सारखीच उपयोगी नाहीत. दिवे नावाची गावे कोकणात एकाहून अधिक आहेत, शिवाय दिवेकर चित्पावनांतही आहेत. पेणकर तर कोणत्याही जातीचा असू शकतो. नवगाव म्हणजे नवे गाव. अशी नवी गावे महाराष्ट्रात जागोजाग सापडतील. किहीमचे तसे नाही. अलिबागच्या उत्तरेला, खांदेरी-उंदेरीसमोरचे थळ आणि मग नवगाव मागे टाकले की किनाऱ्यालगत लागते ते किहीम. नाव वेगळे, जागा ठाऊक आणि आडनाव दुर्मीळ. इंग्रजी कागदांत त्याची सुरुवात ‘के’ने झाली, त्यामुळे मराठीतही ते कुठे केहीमकर, कुठे किहीमकर असे छापलेले दिसते.

या आडनावाची सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर. जन्म 1830चा. मुंबईत 1875 साली इस्रायली मुलांसाठी शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि 1897 च्या सुमारास हातावेगळा केला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये, आणि तोवर लेखक हयात नव्हते. बेने इस्रायलांविषयी आज जे जे लिहिले जाते त्यातले निम्मेअधिक फिरून या पुस्तकाशी येते. त्यामुळे ते जपून वाचावे लागते. किहीमकर इतिहासकार होते तसे आपल्या समाजाचे वकीलही होते, आणि वकिलाच्या सवयी पानोपानी दिसतात.

समाजाची मूळकथा सर्वांना ठाऊक आहे. फार पूर्वी एक गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीचे बुडाले. त्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर पुरली आणि वाचलेल्यांपासून समाज वाढला. कधी? किहीमकर सांगतात, इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास. हा आकडा त्यांनी कोणत्याही शिलालेखावरून काढलेला नाही. बेने इस्रायलांना हनुक्का हा सण पूर्वी माहीत नव्हता. जेरुसलेमचे मंदिर परत मिळवल्याच्या आठवणीचा हा सण इसवी सनापूर्वी 164 नंतरचा. तेव्हा हे लोक त्याआधीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क. तर्क देखणा आहे. पण एखादी गोष्ट माहीत नसण्यावरून तारीख काढायची, तर ती गोष्ट मधल्या काळात विसरली गेली नाही हे आधी दाखवावे लागते. समाज हिब्रू भाषा विसरला, ग्रंथ विसरला. दरफळणीचा सण, खिरीचा सण अशी सणांची नावेसुद्धा कोकणी वळणाची झाली. मग एक हनुक्काच तेवढा विसरला नसेल, हे कशावरून?

आडनावे या कथेला दुजोराही देत नाहीत आणि ती खोटीही पाडत नाहीत. पण एक गोष्ट ती नक्की सांगतात. सगळे नवगावला उतरले असे मानले तरी नवगावकर हे शंभरांतले एकच आडनाव. म्हणजे आडनावे रूढ झाली तेव्हा समाज खेडोपाडी कधीच पांगलेला होता आणि माणसाची ओळख उतरल्या बंदराने नव्हे, तर राहत्या गावाने दिली जात होती. गलबताची आठवण आडनावांत उतरलेलीच नाही.

लेखी पुरावा सुरू होतो तो अठराव्या शतकात. 1738 च्या एका मिशनऱ्याच्या पत्रात सुरत आणि राजापूर भागात स्वतःला बेने इस्रायल म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. हे राजापूर म्हणजे दंडा-राजपुरी असावे असे मानायला जागा आहे, कारण बेने इस्रायलांची दाट वस्ती त्याच टापूत होती आणि राजपूरकर आडनावही तिथलेच. पुढे 1768 साली कोचीनचे ज्यू व्यापारी इझिकेल रहाबी यांनी हॉलंडमधल्या टोबियास बोआस यांना पाठवलेल्या पत्रात या समाजाचे थोडे अधिक वर्णन येते: मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेलाचे घाणे चालवणारे, काही ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिपाई, शब्बाथ पाळणारे, ‘शमा’ एवढी एक प्रार्थना ठाऊक असलेले. गावकऱ्यांनी त्यांना दिलेले नाव होते शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. या दोन्ही पत्रांत एकाही माणसाचे आडनाव नाही. बाहेरून पाहणाऱ्याला समाज दिसत होता, घराणी दिसत नव्हती.

घराणी परंपरेत मात्र आहेत. डेव्हिड रहाबी नावाच्या एका ज्यू गृहस्थाने कोकणात येऊन या लोकांना धर्म शिकवला आणि तिघांना काजी नेमले, अशी समाजात कथा आहे. त्या काजींची घराणी सांगितली जातात ती झिराडकर, राजपूरकर आणि शहापूरकर. हा रहाबी कोण, कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण काजीपण वंशपरंपरेने चाले, तो काजी गावोगाव फिरून लग्ने लावी आणि तंटे मिटवी. अशा घराण्याला गावाचे नाव चिकटणे ओघानेच आले. झिराडचा काजी नवगावात आला की तो झिराडकरच होणार. समाजात आडनावे आधी कुणाला लागली असतील याचा अंदाज बांधायचा, तर माझा कौल फिरत्या काजींच्या घरांकडे जाईल.

दुसरी वाट मुंबईची. समाजाच्या परंपरेप्रमाणे 1746 मध्ये दिवेकर घराणे मुंबईत आले आणि त्यांच्यामागून इतरही येऊ लागले. कंपनीच्या फौजेत भरती झालेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले, सुटले आणि 1796 साली त्यांनी मांडवीत मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. ‘शाअर हारहमीम’ त्याचे नाव. मशीद बंदर या नावातली ‘मशीद’ म्हणजे हेच प्रार्थनामंदिर असे सांगतात, आणि शेजारचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. इथे नावाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. सॅम्युएलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी. तसेच अब्राहमचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, आयझॅकचा इसाजी. फौजेच्या हजेरीपटावर ‘सामाजी हसाजी’ एवढे लिहिलेले असले, तर तो इस्रायली की मराठा, हे आज नुसत्या कागदावरून ओळखणे कठीण. तिसरे पद, ‘दिवेकर’, जोडले तरी जात कळत नाही, पण माणूस कोणत्या गावचा ते कळते. मुंबईतल्या समाजाला आपसांत तेवढे पुरेसे होते. सोयरीक जुळवताना गावच विचारले जाई.

तीन पदांचे नाव छापील कागदावर कसे दिसे, याचा एक चांगला नमुना पुण्यात तयार झाला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1874 साली पुण्यात शिळाप्रेसवर छापली गेली, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर अशी. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. सुरुवातीच्या चित्रपट्टीत बेखमीर भाकरी करण्याच्या पायऱ्या दाखवल्या आहेत आणि ते काम करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. पुस्तकावर नावे आहेत मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव. बायबलातल्या दोन नावांमागे तळगडाच्या पायथ्याचे तळा गाव उभे आहे आणि ते तिथे असणे कुणालाही वावगे वाटलेले नाही. सामाजी-हसाजींच्या जागी मोझेस-जेकब आले होते. पहिली दोन पदे मिशनऱ्यांच्या शाळा आणि नव्या धर्मशिक्षणाच्या काळात बदलली. तिसरे जागचे हलले नव्हते.

ते पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हलले. इंग्रजी कचेरीला शेवटचे पद म्हणजे आडनाव हवे असे, आणि पुष्कळांनी बापाचे किंवा आजोबांचे नावच शेवटी ठेवले. 1937 च्या सुमारास मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. महालक्ष्मी-वरळीच्या बाजूचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा, पण राजपुरी त्या पाटीवर नाही. कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन नवगावकरांच्या घरातल्या. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? पडद्यावर नुसते ‘डेव्हिड’. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौल-रेवदंड्याच्या त्या जुन्या बंदराचा हा वारस आयुष्यभर एका पदाच्या नावाने ओळखला गेला.

म्हणूनच ‘किहीमकर किती उरले?’ या प्रश्नाला सरळ आकडा देता येत नाही. मतदारयादीत ते सापडतील, पण फक्त आडनाव राखलेले. त्याच घरातला एखादा ‘सॅम्युएल’ किंवा ‘जेकब’ झाला असेल तर तो गणतीतून निसटतो. दिवेकर किंवा पेणकर मोजायला गेले तर उलट होते, आकडा फुगतो. समाजाची एकूण संख्या मात्र ठाऊक आहे. 1951 च्या जनगणनेत भारतात बगदादी, कोचीनी आणि बेने इस्रायल मिळून 26 हजारांच्या वर ज्यू होते, आणि त्यांत बेने इस्रायल सर्वांत अधिक. 1961 मध्ये हा आकडा 18 हजारांवर आला आणि या शतकाच्या आरंभी पाच हजारांच्या आत. बाकीचे बहुतेक इस्रायलला गेले: अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इथे राहिलेल्यांत हे आडनाव ठळकपणे दिसते ते आयझॅक किहीमकरांमुळे. भारतीय फुलपाखरांवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. गंमत अशी की त्याच सोसायटीच्या सालिम अलींनी 1930 साली सुगरण पक्ष्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास केला तो किहीमलाच.

अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग 1848 सालचे. पेण, पनवेल, रेवदंड्यालाही प्रार्थनामंदिरे आहेत आणि खेड्यांत कबरस्ताने. आडनावांचा शोध घेणाऱ्याने आधी तिथेच जावे. थडग्यांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी एकत्र येतात. हिब्रूत ‘अमक्याचा मुलगा’ एवढेच असते. गाव असलेच तर मराठी ओळीत.

इस्रायलमध्ये या आडनावांची एक वेगळीच परीक्षा झाली. बेने इस्रायल शतकानुशतके वेगळे राहिले, त्यांच्यात घटस्फोटाचे आणि पुनर्विवाहाचे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे नियम नव्हते, तेव्हा त्यांच्याशी विवाह शास्त्रसंमत मानावा का, अशी शंका तिथल्या काही धर्मगुरूंनी काढली. मुख्य धर्मपीठाच्या 1962 च्या आदेशात विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सांगितले गेले, की अशा वधूवरांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. समाज खवळला, उपोषणे झाली, मोर्चे निघाले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि त्यानंतर आदेशातला त्यांचा नावानिशी उल्लेख काढण्यात आला.

त्या चौकशीत आडनावाचा काडीचा उपयोग नव्हता. किहीमकर हे बापाकडून आलेले. विचारणा होती आईच्या बाजूची. झिराडकरांची मुलगी किहीमकरांच्या घरात आली की कागदावर तिचे झिराड संपे. तिच्या मुलीच्या मुलीच्या मुलीने शंभर वर्षांनी पणजीचे माहेर शोधायचे ठरवले, तर तिला एखादा जुना विवाहकरार, काजीची नोंद किंवा घरातली कुणी म्हातारी गाठावी लागे. नावांच्या यादीत ते कुठेच लिहिलेले नव्हते.