मॉरिशसचे १९६८ साल

पोर्ट लुई शहरातील शाँ द मार्स हे मैदान मुळात घोड्यांच्या शर्यतींचे. १८१२ सालापासून तेथे शर्यती होत आल्या आहेत. ह्याच मैदानावर १२ मार्च १९६८ रोजी भर दुपारी बारा वाजता ब्रिटनचा ध्वज खाली उतरला आणि तांबडा, निळा, पिवळा व हिरवा अशा चार पट्ट्यांचा नवा ध्वज वर चढला. महात्मा गांधींनी दांडीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले तो दिवसही १२ मार्चच, साल १९३०. आणि मॉरिशसच्या पुढाऱ्यांनी ही तिथी त्या स्मरणाने निवडली असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. समारंभास इंग्लंडच्या राजघराण्यातील राजकन्या अलेक्झांड्रा यावयाच्या होत्या. त्या आल्या नाहीत. ब्रिटिश सरकारच्या वतीने अँथनी ग्रीनवुड हे उपस्थित राहिले.

राजकन्येचे न येणे ही तशी किरकोळ गोष्ट. परंतु त्या वर्षाचा वृत्तांत तिच्यापासूनच सुरू करणे उचित होईल. कारण जानेवारीत जे घडले होते त्यामुळेच तो दौरा रद्द झाला होता.

जानेवारीच्या उत्तरार्धात पोर्ट लुईत दंगली उसळल्या. एका बाजूस क्रिओल ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूस मुसलमान. आरंभ गुंडांच्या दोन टोळ्यांच्या वैरातून झाला; त्या टोळ्यांची ‘इस्तंबूल’ व ‘टेक्सास’ ही नावे चित्रपटांत शोभावीत अशी होती. परंतु टोळ्यांचे भांडण दोन दिवसांत मोहल्ल्यांचे झाले आणि मोहल्ल्यांचे धर्मांचे. आणीबाणी पुकारावी लागली. ब्रिटिश सैन्याची तुकडी विमानाने बोलवावी लागली. वीस-पंचवीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि शेकडो कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांचे शेजार सोडले. प्लेन व्हर्त भागातून क्रिओल निघाले, रोश ब्वा भागातून मुसलमान निघाले. स्वातंत्र्य सात आठवड्यांवर आलेले, आणि त्याच्या स्वागताची तयारी करावयाची ती परक्या सैनिकांच्या पहाऱ्यात!

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानी घ्यावी. ह्या दंगलीत हिंदू हा पक्ष नव्हता. परंतु तिच्या मुळाशी जी भीती होती ती मात्र हिंदूंच्या संख्येविषयीचीच होती. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले व १७१० साली निघून गेले. १७१५ साली फ्रेंच आले, १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले गेले. १८३५ साली गुलामगिरी संपली. पण तिची चाहूल आधीच लागली असल्याने १८३४ च्या नोव्हेंबरात गिरमिटियांची नवी भरती सुरू झालेली होती. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसे भारतातून त्या बेटावर उतरली. बहुसंख्य भोजपुरी मुलखातील, त्यांच्या खालोखाल तमिळ व तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणचे लोकही त्यांत होते. रत्नागिरीकडच्या ह्या मंडळींचे वंशज आज संख्येने थोडे, लोकसंख्येच्या शंभरांत दोनच्या आसपास. परंतु काँस्काव्हेल, हेन्रिएत्ता, व्हाक्वा अशा गावांत त्यांनी गणपती टिकवला, झाकडी टिकवली, आणि शाळेत मराठी शिकवली जावी हा हट्ट सोडला नाही. घरातली बोली बहुतेकांची क्रिओल झाली, गाऱ्हाणे मात्र देवापुढे मराठीत घातले गेले. गणेशचतुर्थीला आज त्या देशात सरकारी सुट्टी असते.

असो. सांगावयाचा मुद्दा हा की, स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे आठ लाखांच्या त्या देशात हिंदू निम्म्यांहून थोडे अधिक होते. संख्या हे लोकशाहीचे बळ, आणि अल्पसंख्यांच्या मनातील धास्तीही तीच. ७ ऑगस्ट १९६७ रोजी झालेली निवडणूक ही नावापुरतीच प्रतिनिधींची होती. खरा प्रश्न स्वातंत्र्य घ्यावे की ब्रिटनशी निगडित राहावे हा होता. एका बाजूस डॉक्टर शिवसागर रामगुलाम ह्यांचा मजूर पक्ष, सुखदेव विष्णुदयाल ह्यांचा पक्ष आणि अब्दुल रझाक महंमद ह्यांचा मुस्लिम पक्ष ह्यांची आघाडी. दुसऱ्या बाजूस गाएताँ द्युव्हाल ह्यांचा पक्ष, ज्याच्या पाठीशी क्रिओल, गोरे मळेवाले, बरेचसे चिनी व्यापारी आणि काही तमिळ व मुसलमानही उभे राहिले. निवडून द्यावयाच्या ६२ जागांपैकी ३९ आघाडीस व २३ द्युव्हालना मिळाल्या. मते मात्र शंभरांत सुमारे ५५ विरुद्ध ४४ अशी पडली. पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवरील रॉद्रिग बेटाने तर जवळजवळ एकमुखाने विरोधी पक्षास कौल दिला.

गोमंतकीय वाचकास हे आकडे वाचताना क्षणभर थांबावेसे वाटेल. त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यातही एका प्रश्नावर कौल घेतला गेला होता, आणि तेथील प्रमाणही सुमारे ५४ विरुद्ध ४३ असेच होते. प्रश्न निराळे, देश निराळा; ह्याहून अधिक साम्य शोधू नये. परंतु हरलेल्या त्रेचाळीसांचे पुढे काय करावयाचे, हे जिंकलेल्यांना किती अवघड जाते हे ज्यांनी स्वतः पाहिले आहे त्यांना मॉरिशसची कथा परकी वाटणार नाही.

रामगुलाम ह्यांची थोरवी भाषणांत शोधणाऱ्यास ती सापडणार नाही. बेल रिव्ह गावी १९०० साली जन्मलेला हा गिरमिटियाचा मुलगा लंडनमध्ये वैद्यक शिकला, परत येऊन रोगी तपासता तपासता राजकारणात शिरला, आणि घाई न करणे हीच त्याची नीती ठरली. संख्येच्या जोरावर राज्य करता येते, पण देश चालवता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी अशी एक घटना मान्य केली की जिच्यात जिंकलेल्यांच्याच हातून हरलेल्यांसाठी जागा काढून ठेवल्या होत्या.

ही योजना मोठी चमत्कारिक आहे. घटनेने नागरिकांचे चार समुदाय मानले: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सारे ‘सामान्य जनता’. उमेदवाराने अर्जातच आपला समुदाय लिहावयाचा. ६२ जागांचा निकाल लागल्यावर आणखी आठ जागा भरावयाच्या, त्या पडलेल्या उमेदवारांतून. ज्या समुदायास त्याच्या लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील त्यातील सर्वांत चांगली मते मिळवून पराभूत झालेल्यास आधी घ्यावयाचे. त्यातल्या चार जागा भरताना पक्ष पाहावयाचा नाही, आणि उरलेल्या चार अशा भरावयाच्या की पक्षांचे मूळ बलाबल बिघडू नये. लोकांनी ह्या पद्धतीला नाव ठेवले ‘बेस्ट लूझर’. तिने अल्पसंख्यांस सभागृहात खात्रीचे आसन दिले, ह्यात शंका नाही. परंतु माणसाने आधी आपली जात सांगावी आणि मग देशाची सेवा करावी, हा दंडकही तिनेच घालून दिला. पुढे जनगणनेतून समुदायाचा रकाना काढण्यात आला, तेव्हा जागा वाटावयास १९७२ सालचेच आकडे धरले जाऊ लागले. मेलेल्यांची गणती करून जिवंतांना जागा देण्याचा असा प्रकार अन्यत्र क्वचितच आढळेल.

फेब्रुवारी सरता सरता त्या बेटावर महाशिवरात्र आली. गिरमिटियांच्या वंशजांची पांढऱ्या वस्त्रांतील कावडयात्रा ह्याच पर्वणीला ग्रँ बासँच्या तळ्याकडे जाते. २८ तारखेला ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बकरी ईद, तिच्या मागोमाग स्वातंत्र्य, आणि दोन दिवसांनी होळीची पौर्णिमा. पंचांगाने एका पंधरवड्यात सगळ्यांचे सण असे शेजारी शेजारी बसवले होते, आणि ते साजरे करणारे शेजारी मात्र नुकतेच घरे बदलून बसले होते.

मार्चनंतरच्या घटना झपाट्याने सांगता येतील. शेवटचे गव्हर्नर सर जॉन रेनी हेच काही महिने पहिले गव्हर्नर-जनरल राहिले. सप्टेंबरात त्यांच्या जागी सर आर्थर लिओनार्ड विल्यम्स आले. २४ एप्रिलला मॉरिशस संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, ऑगस्टात आफ्रिकी ऐक्य संघटनेचा. ब्रिटनशी संरक्षणाचा करार झाला. नव्वद टक्क्यांहून अधिक निर्यात साखरेची, बेकारी वाढती, आणि जेम्स मीड ह्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वीच ह्या बेटाच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर लावलेला. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या ह्या पंडिताचा तो अंदाज चुकला, पण १९६८ साली तो चुकेल असे म्हणण्यास कोणी धजावले नसते. क्रिओल व गोऱ्या कुटुंबांपैकी अनेकांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

रामगुलाम ह्यांनी ज्यांना हरवले त्यांच्याशीच बोलणी आरंभिली. १९६९ च्या अखेरीस द्युव्हाल मंत्रिमंडळात आले, तर जुने सोबती विष्णुदयाल बाहेर पडले. ह्या समेटाची किंमत कमी नव्हती: १९७२ सालच्या सुमारास व्हावयाची निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. दंगलीपेक्षा लांबलेली निवडणूक बरी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण त्या काळातील तरुणांना ते पटले नाही, आणि १९६९ साली पॉल बेराँझे प्रभृतींनी स्थापिलेला नवा पक्ष ह्याच असंतोषावर वाढला.

एक हिशेब मात्र रामगुलाम ह्यांनी स्वातंत्र्यापूर्वीच चुकता केला होता, व तो त्यांच्या नावावर आजही लागतो. १९६५ साली लंडनच्या वाटाघाटी चालू असताना ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला व त्याबद्दल तीस लाख पौंड दिले. त्यातील दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी हवे होते. ‘नाही’ म्हटले असते तर स्वातंत्र्य अडले असते, असे समर्थन केले जाते. तेव्हाच्या परिस्थितीत ते निराधारही नाही. परंतु २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले मत दिले की १९६८ साली मॉरिशसची मुक्तता कायद्याने पूर्ण झालीच नव्हती. मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस ह्यांच्यात ह्या बेटांविषयीच्या करारावर सह्या झाल्या.

ह्या बेटांवर दीड-दोन हजार माणसे नारळाच्या बागांतून खोबरे काढून पोट भरीत होती. औषधपाण्यासाठी वा नातलगांस भेटण्यासाठी ती जहाजाने पोर्ट लुईस येत आणि काम उरकून परत जात. १९६७-६८ पासून, परतीचे जहाज विचारावयास गेल्यावर, तुमचे बेट आता विकले गेले आहे, तेथे जाता येणार नाही, असे त्यांस सांगण्यात येऊ लागले. बेटांवर उरलेल्यांनाही १९७३ पर्यंत हलविण्यात आले. शाँ द मार्सच्या मैदानापासून पोर्ट लुईचा धक्का दूर नाही. १२ मार्चला शहर नव्या ध्वजाकडे पाहत असता, परतीचे जहाज न मिळालेली चागोसची काही कुटुंबे त्याच शहरात अडकून पडली होती.