मोठ्यांना वर्षातून किती वेळा सर्दी-खोकला होणे सामान्य असते?

“डॉक्टर, या वर्षातली ही माझी चौथी सर्दी. माझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का?” पावसाळ्यात हा प्रश्न दवाखान्यात जवळजवळ रोज विचारला जातो. तोपर्यंत अनेकांनी महागडे टॉनिक सुरू केलेले असते, किंवा मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी संपवलेली असते.

बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर “नाही” असेच असते. थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र वारंवार होणाऱ्या आजारामागे खरोखरच तपासण्यासारखे कारण असते. तुम्ही यांपैकी कुठे बसता, हे ओळखायला या लेखाचा उपयोग होईल.

सामान्य किती?

• निरोगी प्रौढ व्यक्तीला वर्षातून साधारण २ ते ३ वेळा सर्दी होते. एखाद्या वर्षी एकदाच, तर एखाद्या वर्षी चार-पाच वेळाही होऊ शकते.
• लहान मुलांना वर्षातून ६ ते ८ वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा सर्दी होते.
• एक सर्दी साधारण ७ ते १० दिवस चालते. तिच्यामागून येणारा खोकला २ ते ३ आठवडे रेंगाळू शकतो.

आता हिशोब करून पाहा. वर्षात तीन सर्दी झाल्या आणि प्रत्येक वेळी खोकला अडीच आठवडे राहिला, तर वर्षातले सुमारे ५० दिवस खोकण्यात जातात. त्यामुळे “मी सारखा आजारीच असतो” असे वाटते, पण आजारांची संख्या मात्र सामान्यच असते.

खरा फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, सर्दीइतका वारंवार होत नाही. दक्षिण चीनमधील लोकांच्या रक्तनमुन्यांवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिशीनंतर फ्लूचा संसर्ग दहा वर्षांत साधारण दोनदा होतो. म्हणजे आपण ज्याला दरवर्षी “फ्लू झाला” म्हणतो, तो बऱ्याचदा दुसराच एखादा विषाणू असतो.

पोट बिघडण्याचे प्रमाण प्रतिकारशक्तीपेक्षा पिण्याचे पाणी आणि अन्नाची स्वच्छता यांवर जास्त अवलंबून असते. घरात सगळ्यांनाच वरचेवर जुलाब होत असतील, तर आधी पाण्याची टाकी आणि फिल्टर तपासा.

एकदा झालेली सर्दी पुन्हा का होते?

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. मग सर्दी का होते? कारण सर्दी हा एका विषाणूचा आजार नाही. २०० हून अधिक विषाणूंमुळे ती होऊ शकते. त्यांतील सर्वात जास्त आढळणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचेच १५० हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने तयार केलेले संरक्षण दुसऱ्या प्रकाराला पुरेसे पडत नाही. फ्लूचा विषाणू तर आपले रूप सतत बदलत असतो.

म्हणून सर्दी होणे याचा अर्थ प्रतिकारशक्ती हरली असा नाही. उलट, नाक वाहणे, शिंका, घशाची सूज ही लक्षणे मोठ्या प्रमाणात प्रतिकारशक्ती काम करत असल्यामुळेच दिसतात. आठवड्याभरात तुम्ही आपोआप बरे होत असाल, तर ती आपले काम नीट करत आहे.

एकाला जास्त, दुसऱ्याला कमी, असे का?

१. घरातील लहान मुले. प्रौढांमधील फरकाचे हे सर्वात मोठे कारणांपैकी एक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात टेकम्सी या गावी अनेक वर्षे कुटुंबांच्या आजारपणाच्या नोंदी ठेवण्यात आल्या. त्यात तरुण वयाच्या स्त्रियांना त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा श्वसनाचे आजार जास्त वेळा झालेले दिसले. लहान मुलांशी येणारा जास्त संपर्क हे त्याचे एक कारण मानले जाते. मूल पहिल्यांदा बालवाडीत जाऊ लागले की पहिले वर्षभर घरातील मोठेही जास्त वेळा आजारी पडतात.

२. कामाचे आणि प्रवासाचे ठिकाण. शिक्षक, परिचारिका, कंडक्टर, बँकेच्या काउंटरवर बसणारे कर्मचारी यांचा रोज शेकडो लोकांशी संबंध येतो. लोकलची गर्दी किंवा खिडक्या बंद असलेले वातानुकूलित कार्यालय यांमुळेही संसर्गाची शक्यता वाढते.

३. झोप. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या गटाने १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची नोंद ठेवली आणि नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, ८ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. विषाणू तोच होता, तरी परिणाम वेगळा झाला.

४. मानसिक ताण. कोहेन यांनीच १९९१ साली इंग्लंडमधील सर्दी संशोधन केंद्रातील स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनावर जास्त ताण होता, त्यांच्यात सर्दी होण्याचे प्रमाण जास्त होते.

५. धूर. श्वासनलिकेच्या आतील केसांसारखे सूक्ष्म तंतू कफ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. विडी-सिगारेटच्या धुरामुळे त्यांचे काम बिघडते. चुलीचा धूर आणि बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल यांचाही श्वसनमार्गाला त्रास होतो.

६. ऋतू. पावसात भिजल्याने विषाणू अंगात शिरत नाही, तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो. पण पावसाळ्यात आणि थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एकत्र बसतो आणि विषाणू सहज पसरतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेही एक कारण आहे. पश्चिम भारतात फ्लूचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात.

७. इतर आजार आणि औषधे. नियंत्रणात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने आजार, एचआयव्ही, कर्करोगावरील औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, प्लीहा काढून टाकलेली असणे, यांमुळे संसर्ग जास्त वेळा किंवा जास्त तीव्र होऊ शकतात.

संख्येपेक्षा महत्त्वाचे काय?

दोन उदाहरणे पाहू.

पहिली, ३३ वर्षांची आई. जूनमध्ये मूल बालवाडीत जाऊ लागले आणि फेब्रुवारीपर्यंत तिला पाच वेळा सर्दी झाली. प्रत्येक वेळी आधी मुलाला आणि दोन-तीन दिवसांनी तिला. आठवड्यात बरे वाटले, मधल्या काळात तब्येत ठणठणीत.

दुसरे, ५२ वर्षांचे गृहस्थ. ते म्हणतात, “मला सर्दी फारशी होत नाही.” पण गेल्या वर्षी आणि या वर्षी एकेकदा झालेल्या सर्दीनंतर न्यूमोनिया झाला. वजनही चार किलो कमी झाले आहे.

पाच वेळा आजारी पडलेल्या आईला सहसा कोणत्याही तपासणीची गरज नसते. दोनदाच आजारी पडलेल्या गृहस्थांना मात्र ती नक्की लागते. म्हणून “किती वेळा?” याच्या जोडीने हे चार प्रश्न स्वतःला विचारा:

• आजार किती तीव्र होता? घरी बरा झाला, की दाखल व्हावे लागले?
• किती दिवस टिकला?
• मधल्या काळात पूर्ण बरे वाटते का?
• प्रत्येक वेळी त्याच जागी संसर्ग होतो का, उदाहरणार्थ त्याच बाजूच्या फुफ्फुसात किंवा त्याच कानात?

ही खरोखर सर्दीच आहे का?

“सारखी सर्दी” घेऊन येणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात संसर्ग नसतो.

• ॲलर्जी: सकाळी उठल्यावर शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज, पाण्यासारखे वाहणारे नाक, पण ताप नाही. घराची साफसफाई केली की त्रास वाढतो आणि आठवडेच्या आठवडे चालतो.
• दमा: “सर्दी झाली की लगेच छातीत उतरते”, रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप.
• नाकात टाकायचे थेंब: नाक मोकळे करणारे थेंब सलग ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर थेंबांमुळेच नाक पुन्हा चोंदू लागते.
• आम्लपित्त: जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर खोकला, घशाशी आंबट येणे.
• रक्तदाबाच्या काही गोळ्या: रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या औषधांमुळे काहींना कोरडा खोकला होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.
• क्षयरोग: दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या खोकल्यात थुंकीची तपासणी करायलाच हवी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. ताप आहे, पण नाक वाहत नाही आणि खोकलाही नाही, तर “व्हायरल असेल” म्हणून घरी बसू नका. तो डेंग्यू किंवा मलेरियाचा ताप असू शकतो. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल, तर ते डॉक्टरांना सांगा. लेप्टोस्पायरोसिसच्या निदानासाठी ही माहिती महत्त्वाची असते.

अँटिबायोटिकचा उपयोग होतो का?

साध्या सर्दीवर नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, असेही नाही. सर्दीच्या ओघात रंग बदलतोच. “मागच्या वेळी या गोळीनेच बरे वाटले होते,” असे वाटते, कारण गोळी घेतली नसती तरी सर्दी तेवढ्याच दिवसांत बरी झाली असती. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे जुलाब होतात, ॲलर्जी येऊ शकते, आणि जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरू शकते.

आजार कमी करण्यासाठी काय करता येईल?

• बाहेरून आल्यावर, जेवणापूर्वी आणि मुलाचे नाक पुसल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा. या सवयीने श्वसनाचे आजार साधारण १६ ते २१ टक्क्यांनी कमी होतात.
• रोज ७ ते ८ तास झोप घ्या.
• धूम्रपान थांबवा. घरात धूर होणार नाही असे पाहा.
• साठीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. ही लस साध्या सर्दीपासून वाचवत नाही, पण गंभीर फ्लूचा धोका कमी करते.
• घरात कोणी आजारी असेल तर खोली हवेशीर ठेवा. खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरा.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या रोज घेतल्याने सर्वसामान्य लोकांच्या सर्दीची संख्या कमी होत नाही, कालावधी मात्र किंचित कमी होतो. काढा, आले घातलेला चहा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम मिळतो, तेवढ्यापुरते ते जरूर घ्या. पण “इम्युनिटी बूस्टर” म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर खर्च करण्यापूर्वी विचार करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

लगेच रुग्णालयात जा, जर:
• धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील.
• माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा फार झोपाळू झाला असेल.
• पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी खूप कमी झाली असेल.

एक-दोन दिवसांत भेट घ्या, जर:
• ताप ३ दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा बरे वाटून पुन्हा ताप आला.
• खोकला २ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, किंवा थुंकीतून रक्त आले.
• वजन कमी होत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील.

सविस्तर तपासणीसाठी वेळ घ्या, जर:
• न्यूमोनिया एकापेक्षा जास्त वेळा झाला असेल.
• वर्षात दोन किंवा जास्त वेळा सायनस किंवा कानाचा जिवाणूसंसर्ग झाला असेल.
• मोठी गळवे पुन्हा पुन्हा होत असतील, किंवा तोंडातील बुरशीचे पांढरे चट्टे जात नसतील.
• जुलाब आठवडेच्या आठवडे चालून वजन घटत असेल.
• जवळच्या नात्यात प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल.

प्रतिकारशक्ती मोजणारी अशी एकच तपासणी नसते. तुमच्या लक्षणांनुसार डॉक्टर रक्तातील पेशींची तपासणी, साखर, छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी, एचआयव्ही चाचणी आणि गरज वाटल्यास प्रतिपिंडांचे प्रमाण पाहतात.

भेटीला जाताना ही नोंद सोबत न्या

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने एवढेच लिहा: आजार कोणत्या तारखेला सुरू झाला, कधी पूर्ण बरे वाटले, ताप किती होता, घरात आधी कोण आजारी होते आणि कोणते औषध घेतले. नुसत्या आठवणीवर सांगितलेल्या “सारखी सर्दी”पेक्षा ही नोंद डॉक्टरांना कितीतरी जास्त उपयोगी पडते. पुष्कळदा ती पाहून तुमची स्वतःचीच काळजी कमी होते. आणि काळजीचे कारण असेल, तर तेही लवकर लक्षात येते.

या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. ती तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही.