जमिनीत पुरलेले रांजण

ईशान्य इटलीत, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून गोरित्सिया हे शहर आहे. त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, ओस्लाविया नावाचे छोटे गाव वसले आहे. १९१५ ते १९१७ या काळात इझोन्त्सो नदीच्या खोऱ्यात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. त्या लढायांत ओस्लाविया आणि तिथले द्राक्षमळे जमीनदोस्त झाले. १९३८ साली उभारलेल्या तिथल्या अस्थिस्मारकात पन्नास हजारांहून अधिक सैनिकांचे अवशेष आहेत. आजचे मळे उभे आहेत ते या स्मारकाच्या आसपासच्या उतारांवर.

गावातील बहुतेक कुटुंबे स्लोव्हेनी भाषा बोलणारी. १९१८पर्यंत ती ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा होती, नंतर इटलीची झाली. फॅसिस्ट राजवटीत त्यांच्या भाषेच्या शाळा बंद पडल्या, आडनावांना इटालियन वळण देण्यात आले. १९४७च्या तहाने नवी सीमारेषा आखली आणि ती कित्येकांच्या मळ्यांमधूनच गेली. देश बदलले, नावे बदलली, पण ‘पोंका’ नावाची भुसभुशीत, थरांची माती आणि तिच्यात रुजलेली रिबोला ही पांढऱ्या द्राक्षाची जात तेवढी राहिली. योश्को ग्राव्नर आणि स्टान्को राडिकोन या दोन वाइनमेकरांच्या कामाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

ग्राव्नर यांचा जन्म १९५२चा. त्यांनी घरची शेती हाती घेतली तेव्हा फ्रिउली प्रांतात पांढऱ्या वाइनची क्रांती घडत होती. १९६०च्या दशकात मारिओ स्क्योपेत्तो यांनी तिची सुरुवात केली होती. रस काढताच साली वेगळ्या करायच्या, तो स्टीलच्या टाकीत थंड तापमानाला आंबवायचा आणि फिकट, नितळ, ताज्या सुगंधाची वाइन काढायची, अशी ही पद्धत. त्याआधीच्या गावठी वाइन अनेकदा बिघडत, आंबट होत. त्या तुलनेत ही प्रगतीच होती. तरुण ग्राव्नर यांनीही वडिलांच्या काळची मोठी लाकडी पिंपे बाजूला सारून स्टीलच्या टाक्या आणल्या. पुढे फ्रेंच ओकची लहान पिंपे आणली. वाइन गाजली, समीक्षकांनी डोक्यावर घेतली.

१९८७ साली ते कॅलिफोर्नियाला गेले. आधुनिक तंत्राची पंढरीच ती. थोड्या दिवसांत त्यांनी तिथल्या शेकडो वाइन चाखल्या आणि परतले ते निराश होऊन. त्यांना सगळीकडे एकच चव लागली होती. आपण ज्या वाटेने चाललो आहोत ती याच ठिकाणी पोहोचते, हे त्यांच्या ध्यानात आले. यशस्वी माणसाला असा साक्षात्कार परवडत नाही. ग्राव्नर यांनाही लगेच काही बदलता आले नाही. १९९६ साली गारपिटीने रिबोलाचे जवळजवळ सगळे पीक गेले. हाती आले तेवढ्या द्राक्षांवर त्यांनी प्रयोग केला. रस सालींपासून वेगळा न करता साली-बियांसकट आंबवला.

याच सुमारास शेजारच्या राडिकोन यांनीही तीच वाट धरली होती. त्यांच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धानंतर रिबोलाची लागवड केली होती, आणि त्या काळी पांढरी द्राक्षेही सालींसह आंबवण्याची रीत होती. १९९५मध्ये राडिकोन यांनी ती पुन्हा करून पाहिली. यामागे एक साधे शास्त्र आहे. रिबोलाची साल जाड असते. रंग, सुगंध आणि तुरटपणा देणारी द्रव्ये मुख्यतः सालीत असतात. ती उतरली की वाइन पिवळसर-नारिंगी होते, चवीला घट्ट होते आणि हवेने सहजी बिघडत नाही. म्हणूनच राडिकोन यांना २००२पासून गंधकाचा परिरक्षक म्हणून होणारा वापर सोडून देता आला.

ही रीत किती जुनी? शेजारच्या विपावा खोऱ्यातील धर्मगुरू मातिया व्हर्तोवेत्स यांनी १८४४ साली स्लोव्हेनी भाषेत द्राक्षशेतीवर एक पुस्तक लिहिले. त्यात पांढरी द्राक्षे सालींसह आंबवण्याची स्थानिक पद्धत नोंदवलेली आहे. म्हणजे राडिकोन म्हणत होते ती नुसती घरगुती आठवण नव्हती. तिला छापील आधार होता.

ग्राव्नर मात्र आजोबांच्याही मागे गेले. २००० साली ते जॉर्जियातील काखेती प्रांतात पोहोचले. तिथे ‘क्वेव्री’ नावाचे अंड्याच्या आकाराचे प्रचंड मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. भोवतालची जमीन तापमान सांभाळते, त्यामुळे वेगळे यंत्र लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तत्त्व समजावून सांगायला नको. जॉर्जियात इसवी सनापूर्वी सहा हजार वर्षांच्या आसपासच्या भांड्यांच्या खापरांत द्राक्षवाइनच्या खुणा सापडल्या आहेत. सोव्हिएत काळात कारखानदारी वाइनचा जोर असतानाही क्वेव्री टिकली ती मुख्यतः खेड्यातील घरांच्या परसात. २०१३मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

ग्राव्नर यांनी हे रांजण जॉर्जियाहून मागवले, ओस्लावियात पुरले, आणि २००१च्या हंगामापासून सगळी वाइन त्यांतच आंबवू लागले. साली सुमारे सहा महिने रसातच राहतात. मग वाइन मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. सात वर्षे झाल्याखेरीज ती बाजारात येत नाही. पुढे त्यांनी परदेशी जातींच्या पांढऱ्या वेली काढून टाकल्या आणि पांढऱ्यात फक्त रिबोला ठेवली.

जुने चाहते गोंधळले. गढूळ, नारिंगी, तुरट अशी ही वाइन अनेक समीक्षकांना सदोष वाटली. जिच्यावर कीर्ती उभी होती ती वाइन त्यांनी आपल्या हाताने बंद केली होती, आणि सात वर्षांचे भांडवल जमिनीत व पिंपांत अडकवले होते. जगाने या प्रकाराला नाव दिले ते नंतर: २००४ साली एका ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने ‘ऑरेंज वाइन’ हा शब्द रूढ केला.

या कथेला ‘परंपरेकडे परतणे’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ओस्लावियाच्या आजोबांनी जॉर्जियाचे रांजण कधी वापरले नव्हते. त्यांची रीत लाकडी भांड्यांची होती आणि तीही सहा महिन्यांची नव्हे. राडिकोन यांनी घरचा वारसा उचलला. ग्राव्नर यांनी दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरचा वारसा निवडला. दोघांनाही हा निर्णय घेता आला तो आधी आधुनिक तंत्र हातात मुरल्यामुळे. काय सोडायचे हे त्यांना कळत होते. हे न कळता केलेली ‘नैसर्गिक’ वाइन पुष्कळदा नुसती बिघडलेली असते, आणि असे दोष तत्त्वज्ञानाच्या पांघरुणाखाली खपवणारेही पुढे निघालेच.

स्टीलची टाकीही काही शत्रू नाही. नाशिककडे द्राक्षाचा हंगाम संपता संपता ऊन तापू लागते. तिथे थंड टाकीवाचून पांढरी वाइन करणे अवघड. लहान मळ्याचे बळ जुन्या साधनात नसते. आपल्या मातीला, आपल्या जातीच्या द्राक्षाला आणि आपल्या हवेला काय मानवते, हे मालक स्वतः ठरवू शकतो आणि चुकलाच तर नुकसानही स्वतः सोसतो, यात ते असते. मोठ्या कारखान्याला सात वर्षे थांबणे क्वचितच परवडते.

स्टान्को राडिकोन २०१६ साली वारले. मळा मुलाने पुढे चालवला. २००७ अखेरीस सीमेवरची तपासणी उठली आणि ग्राव्नर कुटुंबाला पलीकडच्या आपल्या वेलींकडे जाताना कागद दाखवावे लागेनासे झाले. २०२५ साली गोरित्सिया आणि सीमेपलीकडचे नोव्हा गोरित्सा ही दोन शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. ज्या उतारांवर शंभर वर्षांपूर्वी खंदक खणले गेले, तिथे रांजण पुरण्यासाठी पुन्हा जमीन खणावी लागली होती. त्यातून दरवर्षी निघणाऱ्या वाइनचे वय आणि गाव दोन्ही चवीत ओळखू यावे, एवढाच या दोघांचा आग्रह होता.